भाऊजींच्या भट्टीवरचा उजेड

आमच्या भाऊजींना कुणाला नाही म्हणता येत नाही. लोखंडाशी मात्र ते असे भांडतात, की शेजारच्या शिंप्याला वाटतं घरात काहीतरी बिनसलंय. ताई म्हणते, "माझ्या वाटणीचं सगळं ऐरणीला बोलून घेतात, म्हणून तर संसार झाला आमचा."

भाऊजी सुऱ्या करतात. कडक पोलाद आणि मऊ लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, तापवायच्या, सांध्यात मळ राहू नये म्हणून टाकणखार भुरभुरायचा आणि नेमका रंग आला की ठोकून एकजीव करायच्या. सगळी मेख त्या रंगात. पट्टी लोण्यासारखी पिवळी दिसली की बाहेर. आधी काढली तर थर धरत नाहीत, उशीर झाला तर पोलाद ठिणग्या टाकत जळून जातं.

भाचीला दूरच्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकिणीची नोकरी लागली. रविवारी निघायचं होतं. तिला आपल्या हातची थरांची सुरी द्यायची, हे भाऊजींचं केव्हाचं ठरलेलं. आणि भाचीनं काय करावं? जायच्या आधी बाबांची सोय म्हणून दुकानाच्या काळ्या भिंतींना चुना मारला, भट्टीवरच्या छपराचे पत्रे काढून काचा बसवल्या. "अंधारात डोळे फोडून घेता नुसते!" भाऊजी म्हणाले, "वा, छान!"

कसलं छान? लख्ख उन्हात तापल्या लोखंडाचा रंग दिसतो कुठे! पिवळी पट्टी तांबूस वाटली, म्हणून भाऊजी थांबले आणि ती जळाली. दुसरी घाबरून लवकर काढली, तर तिचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले.

"रात्री करा," मी म्हटलं.

"शिंप्याला झोप लागेल?"

"मग काचा झाका."

"रोज येते ती. बघेल ना."

शनिवारी भाची आली. तिनं फुटलेली पट्टी उलटसुलट पाहिली आणि हळूच म्हणाली, "राहू द्या आता बाबा. वय झालं तुमचं. मी बाजारातली घेईन."

"हो गं," भाऊजी म्हणाले.

मला असा संताप आला! जन्मभर कमावलेला हात, आणि हा माणूस 'हो गं' म्हणून मोकळा! मी तोंड उघडणार, तोच ताई कडाडली, "काही वय झालेलं नाही त्यांचं! तुझ्या काचांनी घात केलाय. उजेडात रंगच कळत नाही त्यांना."

भाचीचा चेहरा उतरला. "मग सांगितलं का नाही बाबा?"

"एवढ्या हौसेनं केलंस..." भाऊजी पुटपुटले.

तिनं कोपऱ्यातली ताडपत्री उचलली आणि शिडीवरून थेट छपरावर. वाऱ्यानं ताडपत्री उडायला लागली, तशी भाची स्वतःच तिच्यावर आडवी पडली. खाली अंधार झाला. भाऊजींनी नवी पट्टी भट्टीत सरकवली. मी भाता मारत होतो, ताईनं घण उचलून धरला होता. पट्टी पिवळी व्हायला आली, तेवढ्यात वरून ताडपत्रीचा कोपरा उचलला गेला आणि भाचीचं डोकं डोकावलं.

"जमतंय का बाबा?"

"उजेड अडव आधी! बाजूला हो म्हणतो ना!" भाऊजी असे गरजले, की ताईच्या हातातला घण हलला.

लेकीवर ते आयुष्यात पहिल्यांदा ओरडले होते. कोपरा झटकन खाली पडला. भाऊजींनी पट्टी ऐरणीवर घेतली, ताईनं घण घातला. पहिल्याच घावाला सांधा धरला, आणि छपरावरून भाचीचं हसू ऐकू येत राहिलं.