गंगेचा नळ

कालिंदीबाई आठल्ये देवरुखहून कोलकात्याला आल्या, त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं की आपला मुलगा भाग्याचा आहे. त्याच्या मोरीत नळातून गंगा येत होती.

श्रीकांत केंद्र सरकारच्या हिशेब तपासणी खात्यात होता. एकोणीसशे बहात्तर साली त्याची बदली इकडे झाली आणि भवानीपूरमधल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याने बिऱ्हाड थाटलं. त्या घरात, शहरातल्या बऱ्याच घरांसारखे, दोन नळ होते. एकाला गाळलेलं, प्यायचं पाणी ठरावीक वेळी येई. दुसऱ्याला नदीचं पाणी येई, न गाळता, जसंच्या तसं. ते संडासात ओतायला आणि अंगण धुवायला. पहाटे रस्ते धूत तेही त्याच पाण्याने. खाली राहणाऱ्या घरमालकीण निभाननीदेवींनी हे सगळं कालिंदीबाईंना हातवारे करून समजावलं. "दीदी, ये मीठा जल. वो गंगाजल." कालिंदीबाईंनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला आणि मातकट धारेला हात जोडले.

बाई स्वच्छतेच्या फार कडक होत्या. ऐन तिशीत वैधव्य आलं तेव्हापासून घर त्यांनी सोवळ्याओवळ्याच्या शिस्तीवर चालवलं होतं. फरशी पुसल्यावर पायाला कण लागला तर पुन्हा पुसायची. नात हेमाचे लंगोट त्या स्वतः धूत, गच्चीत कडक उन्हात वाळवत. तिची नखं कापत, तिला भरवण्याआधी स्वतःचे हात कोपरापर्यंत धूत. त्यामुळे मूल अंग धरत नाही याचा त्यांना काही उलगडाच होत नव्हता.

हेमाला सव्वा वर्ष झालं होतं आणि ती अजून धरूनही उभी राहत नव्हती. आठवडाभर बरी असे, मऊ भात खाई, आजीच्या जपमाळेकडे झेपावे. मग पुन्हा पोट बिघडे आणि मिळवलेलं सगळं जाई. गालांवर मांस टिकत नव्हतं. डॉक्टर मजुमदारांनी काट्यावर घातलं की तिची आई वृंदा आकड्याकडे न बघता डॉक्टरांच्या तोंडाकडे बघे.

"पाणी," डॉक्टर दर वेळी म्हणत. "उकळलेलं. वाटी-चमचाही उकळून."

वृंदा उकळत होती. रोज सकाळी स्टोव्हवर मोठं पातेलं चढे आणि त्यात वाटी, चमचा, दुधाची बाटली खदखदत. दोष आधी गवळ्यावर गेला, मग भांडी घासणाऱ्या सरलावर, मग कोलकात्याच्या हवेवर. श्रीकांतने गवळी बदलला. हवा बदलण्याचं मात्र वृंदाच्या मनात होतं.

"दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत बघते," तिने एक दिवस जेवताना सांगितलं. "नाहीतर हिला घेऊन नागपूरला जाते आईकडे. चांगली होईपर्यंत येणार नाही."

"वर्ष लागलं तर?" श्रीकांतने विचारलं.

"लागलं तर लागलं."

कालिंदीबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. देवरुखचं घर बंद करून त्या इथे आल्या होत्या ते या पोरीसाठी. मुलगा दिवसभर कचेरीत. हेमा गेली की या परक्या गावात त्यांनी करायचं काय?

दुसऱ्या दिवशी वृंदा डाळीचा डबा घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि दारातच थांबली. सासूबाई लगतच्या मोरीत उकळलेली वाटी गंगेच्या नळाखाली धरून विसळत होत्या. मग त्यांनी बोटांनी दोन थेंब दुधात शिंपडले.

"आई! हे काय करताय?"

"काय करत्ये? सरलेचा हात लागलेली वाटी ती. तू नुसती पाण्यात टाकतेस. मी गंगेने शुद्ध करत्ये."

"रोज?"

"रोज म्हणजे? प्रत्येक वेळी. मी काय तुझ्यासारखी विसरभोळी आहे?"

"अहो, ते संडासात ओतायचं पाणी आहे!"

"वृंदे, जीभ आवर. गंगा आहे ती. काशीला जाऊन गडूभर आणतात लोक, सील करून ठेवतात, मरताना तोंडात घालतात."

"मरताना ना? माझी मुलगी जगायचीय अजून."

"आणि माझी काय वाढली नाहीत? कुणी उकळून दिलं होतं त्यांना? विहिरीचं पाणी प्याली, वाढली!"

वृंदाने तोंड उघडलं आणि मिटलं. डाळीचा डबा उचलून ती बाहेर गेली.

तिने काय गिळलं ते कालिंदीबाईंना कळलं. त्यांना चार मुलं झाली होती. श्रीकांत आणि पुण्याची मालती एवढीच राहिली. मधली दोन पावसाळ्यात गेली, दोन्ही दोन वर्षांच्या आत, दोन्ही पोटाने. तेव्हा सगळे दृष्ट लागली म्हणाले होते आणि त्यांनीही तेच मानलं होतं. विहीर घरामागेच होती आणि पावसाळ्यात तिचं पाणीही असंच मातकट होई. त्या मोरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. तरी संध्याकाळी वाटी विसळायची वेळ आली तेव्हा हात सवयीने त्याच नळाकडे गेला. जन्मभर ज्याला पवित्र म्हटलं, त्याला एका सुनेच्या सांगण्यावरून घाण म्हणायचं, हे त्यांच्याने होईना.

भांडण खाली ऐकू गेलंच होतं. दुसऱ्या दुपारी निभाननीदेवी पानाचा डबा घेऊन वर आल्या. त्याही विधवा, त्याही सोवळ्याच्या. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, म्हणून गप्पा छान जमत.

"दीदी, देवाला कुठलं पाणी घालता?"

"हे काय, गंगेचं. नळाचं."

निभाननीदेवींनी डोळे मोठे केले. "नळाचं? ठाकुरांना? मी तर घाटावरून घागर आणवते. माझ्या सासूने जन्मात नळाला हात लावला नाही."

"का बरं?"

"आत चामडं असतं ना!"

कालिंदीबाई हसल्या. "काहीतरीच तुमचं. लोखंडाच्या नळात चामडं कुठून येणार?"

निभाननीदेवींनी वाद घातला नाही. तो नळ थेंब थेंब गळत होताच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्री पाठवला. त्याने पान्याने नळ उघडला, आतून एक काळी, गिळगिळीत चकती काढली आणि कालिंदीबाईंच्या पुढे धरली.

"वायसर, माँ. चामड़ा. सड़ गया."

चकतीला चिखल होता, शेवाळ होतं, आणि असा वास होता की मिस्त्रीनेही मान वळवली. कालिंदीबाईंनी पदर नाकाला लावला. त्या चकतीवरून आलेलं पाणी त्यांनी देवाला घातलं होतं, आणि नातीच्या दुधात. दारात निभाननीदेवी पान चघळत शांतपणे बघत होत्या. हा मिस्त्री नेमका आजच का आला, हे कालिंदीबाईंना समजत नव्हतं असं नाही. पण बाईने त्यांना मागे फिरायला एक वाट करून दिली होती, आणि त्या वाटेने जाण्यात गंगेचा काही अपमान नव्हता.

"या नळाचं पाणी आता स्वयंपाकघरात आणायचं नाही," संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं. "चामडं आहे आत."

श्रीकांतला राहवलं नाही. "आई, प्यायच्या नळातही तसलंच चामडं असतं."

वृंदाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"मला शिकवू नकोस," कालिंदीबाई म्हणाल्या. "म्हणून तर अग्नीवर चढवायचं. अग्नीने सगळं शुद्ध होतं. वृंदे, ते पातेलं उद्यापासून माझ्याकडे. तू लवकर उतरवतेस, मी बघत्ये ना. नीट खळखळू द्यायला हवं."

"बरं, आई," वृंदा म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं, आणि त्याबद्दल कालिंदीबाईंनी मनोमन तिचे उपकार मानले.

त्यानंतर वाटी पातेल्यातून चिमट्याने निघे ती थेट दुधाखाली. मधे कुणाचा हात नाही, सरलेचा नाही, वृंदाचा नाही, खुद्द आजीचाही नाही. हेमाचं पोट एकदा बिघडलं, मग थांबलं. डॉक्टरांच्या काट्यावर वृंदा आता आकडाही बघू लागली. देवीपूजेचे मांडव उभे राहू लागले तेव्हा हेमा बाजेचा पाय धरून उभी राहिली, आणि धपकन बसून स्वतःच हसली.

वृंदा सुट्टीत नागपूरला गेली, पण भावाच्या साखरपुड्याला. हावड्याच्या फलाटावर कालिंदीबाईंनी गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही.

"उकळलेल्या पाण्याची सुरई दिल्ये. ती संपली तर वाटेत कुठलं घेऊ नकोस. आणि तुझ्या आईला सांग, विहीर असली म्हणून काय झालं, उकळायचं. ऐकलं नाही तर माझं नाव सांग."

"सांगते."

"परत कधी?"

"पंधरा दिवसांनी, आई. तिकीट काढलंय परतीचं."

"मग ठीक," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि गज सोडला.