धुक्यापुढं नेलेलं बोट

“धुक्यापुढं बोट नेऊ नका. ते कातडीला विचारून आत शिरत न्हाई.”

लातुरात डिझेल पंप दुरुस्त करणारा मुज्तबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचा. नोझलच्या बारीक भोकातून डिझेल एवढ्या दाबानं सुटतं की त्याचं धुकं होतं. नांदेडला त्याच्या उस्तादांच्या बोटात ते एकदा शिरलं. दिसायला टाचणीचा ठिपका. त्यांनी हसण्यावारी नेलं, आणि मनगटापासून हात गेला.

मुज्तबाचं काम मापाचं. पंप विजेवर फिरणाऱ्या तपासणीच्या बाकावर चढवून फिरवायचा, एकेका नळीचं डिझेल काचेच्या मापात धरायचं. सगळी मापं सारखी भरली की तो म्हणे, “आता भावाभावांत भांडण न्हाई.”

किल्लारीकडं पहाटे जमीन हलली, त्या सकाळी दुकानावरचा शिकवणीचा वर्ग ओस पडला. पोरं गावाकडं पळाली, जिन्यात चपला तशाच राहिल्या. वीज गेली होती. दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं. दुपारी किल्लारीकडचा व्यंकटी ट्रॅक्टर घेऊन आला. भुवयांवर पांढरी माती.

“मुज्तबाभाई, ट्रॅक्टर दम टाकून राहिलाय. दगड ओढंना. खाली माणसं हायेत.”

“वीज न्हाई. बाक फिरवू कसा?”

“तुमचे हात हायेत की!”

मुज्तबानं इंजिनाचे नोझल काढून हाताच्या दांड्यावर चालणाऱ्या पंपाला लावले. पहिल्या दोन नोझलांचं धुकं कसंबसं दिसलं. तिसऱ्याचं त्या अंधारात दिसेना. नीट धुकं सुटतंय की नुसते थेंब गळतायत, हे कळायला त्यानं बोट पुढं नेलं आणि दांडा दाबला.

डास चावावा एवढंच.

“काय झालं?”

“काही न्हाई.”

नोझल साफ करून त्यानं बसवला. इंजिन एका ठोक्यात बोलू लागलं, तोवर बोट फुगून पांढरं पडलं होतं. डबा घेऊन आलेल्या बेगमबीनं, त्याच्या बायकोनं, ते पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

“अजी, उस्तादांचा हात विसरलात?”

व्यंकटीनं दोघांना ट्रॉलीत घालून दवाखान्यात आणलं. आवारात माणसं बाजांवर, दाराच्या फळ्यांवर निजवलेली. कंपाउंडरनं बोट पाहिलं.

“चाचा, डास चावला काय?”

“डिझेल शिरलंय. आत्ता बोट फाडा, न्हाईतर हात जाईल.”

“बसा. बोलावतो.”

तो बसला. सूज मनगटावर चढली. अखेर त्याला हाक आली तेव्हा शेजारच्या फळीवर ढिगाऱ्यातून काढून आणलेली गंगम्मा कण्हायची थांबली होती. गुडघ्याखाली तिचा पाय नुसत्या चिंध्यांत बांधलेला. मुज्तबा उठला आणि चांगल्या हातानं फळी उचलू लागला.

“हिला घ्या आधी.”

“मग तुम्ही रांगेच्या शेवटी,” कंपाउंडर म्हणाला. रांगेचा शेवट फाटकाबाहेर कुठंतरी होता.

“तुमचा हात म्हंजे आमचं घर हाय!” बेगमबी ओरडली.

“नांदेडला जातो. तिथं कुणी मोकळा असंल.”

“एसट्या सगळ्या किल्लारीकडं लावल्यात,” व्यंकटी म्हणाला. “म्या सोडतो.”

“तू ढिगाऱ्याकडं जा. न्हाईतर ट्रॅक्टर दुरुस्त कशाला केलाय?” मग बेगमबीकडं न बघता तो म्हणाला, “पोरी एकट्या हायेत. तू घरी जा.”

काठोकाठ भरलेलं माप सांडू नये तसा हात वर धरून तो पायीच नांदेडच्या रस्त्याला लागला. बेगमबी फाटकाचा गज धरून पाहत राहिली. व्यंकटीही पाहत होता. ट्रॅक्टर चालू होता, ठोका सारखा पडत होता, आणि त्याच्यानं गिअर टाकवेना.