मामूंचं पहिलं घावन

सौदीत, कुवेतच्या सीमेला लागून असलेल्या खफजीच्या आमच्या हॉस्पिटलातल्या मेसवाल्या मामूंइतका तुसडा माणूस देवाने दुसरा घडवला नसेल, आणि त्यालाच नेमकं भुकेल्यांना वाढायला बसवलं होतं. मामू रत्नागिरीकडचे. कुणी उभ्याने खाल्लं की ते चिडत, मीठ मागितलं की दुखावत, आणि ‘छान झालंय’ म्हटलं तर संशयाने बघत. शुक्रवारी ते तांदळाची घावनं काढत, नारळाच्या गोड रसाबरोबर. नागपूरच्या आमच्या सर्जननी एकदा काटा मागितला, तर मामूंनी बशीच उचलली. “डाक्टर, कापाकापी वरच्या मजल्यावर. हितं हातानं खायाचं.” सर्जन निमूट हात धुऊन आले. आम्हा नर्सेसची तर बोलायची टापच नव्हती.

पहिलं घावन मात्र कुणालाच मिळत नसे. तवा नीट तापेपर्यंत ते चिकटतं, फाटतं. मामू ते तुकडे वाटीत झाकून ठेवत. त्यांचा धाकटा भाऊ रशीद लहानपणी चुलीशी बसून तेवढंच मागायचा. आता तो कुवेतमध्ये गाडी चालवायचा आणि व्हिसा मिळाला की शुक्रवार गाठून यायचा. आला नाही, तर संध्याकाळी मामू ते गार तुकडे स्वतःच खात आणि दर वेळी करवादत, “वाया घालवलान मेल्यानं!”

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले आणि वाळवंटातून माणसांनी भरलेल्या गाड्या खफजीत येऊ लागल्या. मामूंनी कुणालाही न विचारता मेसची कोठी उघडली आणि शेगडी हमरस्त्यावर मांडली. ड्युटी संपली की आम्ही पीठ भिजवायचो. त्या उन्हात माणसं घावन हातात घेऊन नुसती रडत. मामू ओरडत, “पहले खाओ, फिर रोना!” प्रत्येक गाडीत मात्र ते वाकून बघत. वाटी झाकलेलीच असे.

एके दिवशी रशीदची गाडी आली. मामू उलथनं टाकून धावले. आत एक मल्याळी जोडपं होतं, मागे त्यांची चिमुरडी. “रशीदभाईने अपनी गाडी हमको दिया,” नवरा म्हणाला. “बोला, पीछे किसी के साथ आता हूँ.” मामूंनी आधी मागच्या रस्त्यावर नजर टाकली. मग त्यांनी तिघांना बसवून वाढलं. पुढचं घावन तव्यावर पडेपर्यंत पोरीला दम नव्हता. मामूंनी वाटीवरचं झाकण काढलं आणि ती तिच्यापुढे सरकवली.

मागची गाडी आलीच नाही. पुढे खफजीवरच गोळे पडले, आम्ही दम्मामला गेलो. कुवेत सुटल्यावर मामू तिथे जाऊन आले, पण रशीदचं काय झालं ते कुणालाच सांगता येईना.

आम्ही जुनी मंडळी दर ऑगस्टमध्ये दम्मामला जमू लागलो. पोरांनी त्या दिवसाचं नाव ‘घावन डे’ पाडलं. “ममी, आय लव्ह घावन डे!” माझी लेक म्हणायची, आणि घावनावर चॉकलेट ओतून काट्याने खायची. मला धडकी भरायची, पण मामू काही बोलत नसत. पहिल्या घावनाची वाटी मात्र झाकलेली असे. संध्याकाळी ते गार तुकडे खायला बसले, की मी भांडी विसळत मुद्दाम तिथेच रेंगाळायचे. एकदा तरी ते पूर्वीसारखे रशीदवर चिडतील, अशी मला फार आशा होती. मामू शेवटचा तुकडा संपवायचे, वाटी धुवायचे आणि पालथी घालून ठेवायचे.