गंजातले पांढरे पुतळे

फोन मन्मथच्या पुतण्याचा होता. "सर, काका लिंगैक्य झाले," एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "तुम्ही येईपर्यंत थांबतोत आम्ही." नांदेडहून लातूरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे मन्मथला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. कपाळावर, गालांवर, दंडांवर भस्म, गळ्यात हार, डोळे मिटलेले. तरुणपणी ज्याला मी कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये माखलेला पाहिला, तो जातानाही तसाच पांढरा दिसत होता… मला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

आमची ओळख हैदराबादची. चित्रकलेच्या कॉलेजात एका लांबट खोलीत ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला ठेवलेल्या होत्या. त्यांच्यासमोर बसून आम्ही तासन् तास कोळशाने रेखाटनं करायचो. बाकीच्यांना त्या खोलीचा कंटाळा यायचा. मन्मथ मात्र सुट्टीतही गावी न जाता तिथंच थांबून साचे काढायला शिकला. वडिलांची लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, अडत होती. तीन भावांमध्ये हा मधला. पोरगा हिशेब शिकायचा सोडून पुतळे करत राहिला म्हणून वडील वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. शिक्षण संपलं, मला नांदेडच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली आणि मन्मथ लाकडी खोक्यांत गवत भरून आपले पुतळे घेऊन लातूरला उतरला. हात नसलेली एक देवता, घोड्याचं डोकं, एका म्हाताऱ्या तत्त्ववेत्त्याचा चेहरा, पायातला काटा काढत बसलेला एक मुलगा. पुढे देगलूरकडच्या होट्टलच्या देवळातल्या सुंदरी आणि निलंग्याच्या देवळातल्या मूर्ती यांच्या नकलाही त्यात आल्या. या सगळ्यांचं संग्रहालय करायचं, ज्यांना हैदराबाद-मुंबई कधी दिसणार नाही त्यांना हे दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. जागा मात्र कोणी देईना.

जागा मिळाली ती बहात्तरच्या दुष्काळाने. गंजात माल येईना, अडत बंद पडल्यासारखी झाली. वडिलांनी एके सकाळी गोदामाची किल्ली त्याच्यापुढे टाकली. "ज्वारी तर न्हाई. तुझी दगडं तरी ठिव," म्हणाले. मन्मथने गोदाम झाडून घेतलं, भिंतींना चुना दिला आणि पुतळे मांडले. उद्घाटन वगैरे काही झालं नाही. मी गेलो तेव्हा आत दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं सावलीला बसलेली होती. बाजाराच्या दिवशी ती यायची, भिंतीला पाठ लावायची आणि मग एकेक करून पुतळ्यांकडे पाहायला उठायची. काटा काढणारा मुलगा सगळ्यांना लगेच समजायचा. हात नसलेल्या देवतेपुढे एक बाई बराच वेळ थांबली. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"हिचे हात कुठं गेले?" तिने विचारलं.

"तुटले, मावशी. लई जुनी हाय ती," मन्मथ म्हणाला.

"खडी फोडत होती का काय?" बाई म्हणाली. कोणी हसलं नाही.

त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात मन्मथची मुलगी गेली. निर्मला, सहा वर्षांची. विहिरींच्या तळाशी राहिलेलं गढूळ पाणी सगळं गाव पीत होतं. घरोघरी हगवण लागली होती. तिला दोन दिवसांत इतकं कोरडं पडलेलं मी पाहिलं, की त्याबद्दल मला अजूनही लिहिता येत नाही. ती गेल्यावर मन्मथ उठला, गोदामातून प्लास्टरची पिशवी घेऊन आला आणि मुलीच्या उशाशी बसला. त्याला तिच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा होता. तिची आई, पार्वतीवहिनी, मुलीच्या अंगावर आडव्या पडल्या. "तिच्या तोंडावर चुना थापू देणार न्हाई मी. तिला दम घेता येत नव्हता शेवटाला, आन् तुम्ही तिचं नाक-तोंड बुजवता?" मन्मथ पिशवी धरून तसाच बसून राहिला. तो रडतही नव्हता. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "पाय घ्या. एक पाय घ्या, आन् मग तिला जाऊ द्या."

त्याने उजव्या पावलाचा साचा घेतला. मी पाणी ओतत होतो. त्या दिवसांत तेवढं पाणीही शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं होतं.

ते पाऊल त्याने गोदामात, अगदी आतल्या कोपऱ्यात ठेवलं. खाली नाव लिहिलं नाही. वहिनी गोदामात कधीच आल्या नाहीत. पाऊस परतला, अडत सावरली, तरी वडिलांनी किल्ली परत मागितली नाही. मला वाटतं, नातीचं पाऊल तिथं आहे हे त्यांना माहीत होतं.

वडील गेले आणि काही वर्षांत लातूरचा जिल्हा झाला. मिठाई वाटली गेली, गुलाल उधळला गेला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या आणि कचेऱ्यांना जागा. थोरल्या भावाने गोदाम एका कार्यालयाला देऊन टाकलं. मन्मथला सांगितलं गेलं की जिल्ह्याचं संग्रहालय होणार आहे, पुतळे तिथं जातील. तोवर ते गोदामाच्या अंगणात पत्र्याखाली ठेवले. एक साहेब येऊन पाहून गेले. बायकांच्या मूर्तींना निदान कापड तरी गुंडाळा, असं म्हणाले. मन्मथ "न्हाई" म्हणाला. मग तो माझ्याकडे नांदेडला आला. तुझ्या शाळेत, गुरुद्वाऱ्याकडच्या एखाद्या जुन्या इमारतीत, कुठंही जागा मिळते का पाहू, म्हणाला. आम्ही चार दिवस हिंडलो. जागा मिळाली नाही.

तो परतला तेव्हा पत्र्याखाली काही नव्हतं. गोदामापुढे कार्यालयासाठी व्हरांडा बांधायचा होता आणि जोत्याला भराव कमी पडत होता. ठेकेदाराच्या माणसांनी पुतळे फोडून त्यात टाकले होते. वर मुरूम टाकून धुम्मसने ठोकलेला, फरश्या बसायला लागलेल्या. मन्मथने मला पोस्टकार्डही टाकलं नाही. महिन्याने मी गेलो तेव्हा त्याने मला तिथं नेलं, कोरी फरशी दाखवली आणि म्हणाला, "पाऊल पण यातच हाय, गोविंद." त्यानंतर त्याने प्लास्टरला हात लावला नाही. भावाच्या दुकानात बसू लागला. पण रोज दुपारी तासभर त्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचा. साहेब बदलले, शिपाई निवृत्त झाले, हा येतच राहिला. याचं काहीतरी प्रकरण अडकलेलं आहे अशी तिथल्या कारकुनांची समजूत होती. एकाने दया येऊन "अर्ज पुन्हा करा, अप्पा," असंही सुचवलं होतं.

सगळं कार्य उरकल्यावर मी निघालो, तेव्हा पार्वतीवहिनींनी मला थांबवलं. आता त्यांची पाठ पार वाकली आहे.

"भाऊजी, निर्मलीचं पाऊल तुमच्याकडं हाय ना? आता मला आणून द्या."

मला काही कळेना. त्याच म्हणाल्या, "पुतळे फोडले तवा ते सांगत होते की, पाऊल मी आधीच नांदेडला गोविंदकडं नेऊन ठिवलं. मी कधी मागितलं न्हाई. बघवलं नसतं मला. पर आता ते बी गेले…"

चाळीस वर्षं त्याने हे खोटं एकट्याने धरून ठेवलं होतं, आणि मलाही सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. नांदेडला जाऊन एखाद्या लहान मुलीच्या पावलाचा साचा घेणं मला अवघड नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मी खरं ते सांगितलं. तो रोज दुपारी कुठं जायचा, तेही सांगितलं.

वहिनी पदर सावरत उठल्या. "मला न्या तिथं."

पुतण्याने रिक्षा आणली. कार्यालयात गर्दी होती. वहिनींनी पायरीखाली चपला काढल्या, भिंतीला धरत वर चढल्या आणि बाकाकडे न जाता खाली फरशीवरच बसल्या. हात फरशीवर टेकवून. एक शिपाई घाईने आला.

"मावशी, वर बसा ना. काय काम हाय तुमचं?"

"काम न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "तू तुझं काम कर."