नलूमावशीची वाटी-गाडी

नलूमावशीच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात खेळणं म्हणावं असं काहीच नाही. वाट्या आहेत, डब्यांची झाकणं आहेत, भाजीची टोपली आहे. लग्न होऊन गोंदियाहून भिलाईत आलेल्या या बाईने आमच्या गल्लीतली कितीतरी मुलं एवढ्याच सामानावर बोलती केली. ओढणीखाली वांगं लपवायचं, "काय आहे?" विचारायचं आणि मग गप्प बसायचं. तिची सगळी करामत त्या गप्प बसण्यात आहे.

शेजारच्या रेणूची उन्नती तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले होते. ऐकू नीट येत होतं. पुढे शाळेत अडचण नको म्हणून रेणूने घरात नियम केला होता, पोरीशी फक्त हिंदी. तिचे सासरे केवलराम स्टील प्लांटमध्ये लोको, म्हणजे मालगाडीचं इंजिन, चालवून रिटायर झालेले. ड्युटीवर हिंदी चालायची, पण नातीचे लाड काही त्यांना हिंदीत जमेनात. ते गप्पच झाले. उन्नतीने बोट दाखवलं की वस्तू हातात द्यायची, एवढंच.

एका सकाळी रेणू मावशीकडे आली. "मावशी, हिच्या तोंडून कधी काही ऐकाले भेटन का मले?"

"तुह्या सासऱ्याले पाठव. न् तो हिंदीचा नियम घरीच ठेव."

केवलराम संकोचत आले. मावशीने वाट्यांची रांग लावली. "भाऊजी, हे तुमचे वॅगन. चालवा आपल्या बोलीत."

म्हातारा हळूहळू रंगला. "हा कांदा चढला, हा बटाटा चढला. सोडू? सोड!" रोज ते स्वतःच म्हणायचे आणि गाडी ढकलायचे. उन्नती टाळ्या पिटायची, बोलायची नाही.

मग एक दिवस गाडी भरल्यावर मावशीने त्यांना थांबायची खूण केली. उन्नतीने बोट दाखवलं. केवलरामांचा हात सवयीने वाटीकडे गेला.

"भाऊजी! रिटायर झाले न् बिना सिग्नलची गाडी सोडता?"

हात मागे आला. उभ्या नोकरीत त्यांनी सिग्नलशिवाय गाडी सोडली नव्हती.

उन्नतीचा ओठ थरथरला. दारातली रेणू कळवळली, "बाबा, चालवा ना! रडाले येऊन राहिलं तिले."

"सिग्नल नाही न मले, बाई."

मावशी शेंगा सोलत राहिली.

"आबा," उन्नती म्हणाली, "सोद!"

केवलरामांनी व्हरांडाभर गाडी पळवली, बटाटे सांडत. रेणू डोळे पुसत खाली बसली, रिकाम्या वाटीत छोटं वांगं ठेवलं आणि लेकीला मराठीत विचारलं, "हे काय आहे?"

मग ती मावशीसारखीच गप्प बसली.