उजव्या सीटवरून चालणारी गाडी

काकांनी गाडी घरी आणली तेव्हा सगळ्यात आधी आई धावली. उजव्या खिडकीतून आत डोकावली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"भाऊजी, फसवलं तुम्हाला! स्टिअरिंगच काढून घेतलंय त्या मेल्याने!"

स्टिअरिंग होतं. डावीकडे होतं. गाडी इटलीची, लाल, दोन सीटची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. कोणा परदेशी साहेबाने फार वर्षांपूर्वी दिल्लीत आणली. साहेब गेला, गाडी राहिली. मग आग्र्याला कोणाकडे, मग मुरैन्याच्या एका गजकवाल्याकडे, म्हणजे तीळगुळाच्या वड्या विकणाऱ्याकडे. आणि ज्याच्या ज्याच्या हाती लागली त्याने आपापल्या अकलेप्रमाणे तिला सुधारलं. मूळ इंजिन बसलं म्हणून एकाने शाळेच्या व्हॅनचं टाकलं. मागचे दिवे टेम्पोचे. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर पोट घासायचं, तर गजकवाल्याने खाली जीपचे पाटे बसवून तिला इतकं उचललं की लांबून बघितलं तर लाल बकरी भिंतीवर चढलीय असं वाटायचं. समोर काचेशी एक छोटा पंखा पण होता. तो मात्र मस्त चालायचा.

काका वीज खात्यात आयुष्यभर लोकांचे मीटर तपासून रिटायर झालेले. आमचे पूर्वज दक्खनेतून इकडे ग्वालियरला आले ते घोड्यावर बसून, पणजोबा तर म्हणे पागेतच होते. त्यानंतर घरात कोणी काही जोरात चालवलंच नाही. त्याची भरपाई काकांनी केली. गजकवाल्याकडे मी पण गेलो होतो. काका गाडीभोवती फिरले, बोनेटवर थाप मारली, कान लावला. दात बघितले नाहीत हेच नशीब. भाव काही जुळेना, तेव्हा गजकवाला म्हणाला, "चलो बाबूजी, ऊपर से गजक आप जितनी उठा लो." बस, खतम. काका विरघळले. आम्ही होळीपर्यंत गजक खात होतो.

आता डाव्या स्टिअरिंगची गंमत सांगतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो ना? मग चालवणारा बसणार थेट गटाराच्या बाजूला. पुढे टेम्पो असला की त्याला फक्त टेम्पोची पाठ दिसते. पलीकडून बस येतेय की उंट, काही पत्ता नाही. ओव्हरटेक करायचं तर उजवीकडे बसलेल्याने बघून सांगायला लागतं. म्हणजे ही गाडी एकट्या माणसाची नव्हतीच. आणि आमच्याकडे उजवीकडे बसायच्या काकू.

घरात काका-काकूंचं बोलणं म्हणजे "गॅस संपला", "गोळी घेतली का" आणि "ताट वाढलंय". आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खालचं सगळं ऐकू येतं. ऐकायला काही नसायचं. पण संध्याकाळी दोघं गाडीत बसले की गेटच्या बाहेर पडायच्या आत रेडिओ सुरू.

"थांबा. थांबा म्हणते ना! ट्रॅक्टर आहे. हं... जा आता. जा जा जा! कोणाची वाट बघताय, मुहूर्ताची?"

"जातोय ना!"

"जाताय कुठे, वरात आहे का? बघा, गेला तो ई-रिक्षावाला पुढे. तुमच्या बहिणीने पण असंच केलं होतं, वेळेवर हललीच नाही. थांबा! गाय."

ट्रॅफिकवरून सुरू झालं की बहिणीवर, बहिणीवरून चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी लग्नातल्या श्रीखंडावर, तिथून परत ट्रॅफिकवर. काका पण बोलायचे, हसायचे. पडावपासून फूलबागेपर्यंत त्यांचा संसार रोज ताजा व्हायचा. परत आले, गेट लागलं, की बंद. "ताट वाढलंय."

मग काकूंचे गुडघे गेले. त्या गाडीची सीट म्हणजे जमिनीवर गादी टाकलीय असं समजा. गाडी उचललेली, सीट खोल. आत जाताना काकू घसरत जायच्या, पण बाहेर काढायला आई आणि मी लागायचो. त्यात दार उघडणार भर रस्त्याच्या बाजूला. एकदा फूलबागेसमोर आम्ही त्यांना ओढून काढत होतो तर मागे दोन टेम्पो, एक उसाच्या रसाचा ठेला आणि एक घोडा, सगळे लाइन लावून उभे. घोडेवाला म्हणाला, "अम्माजी, आराम से, हमें कोई जल्दी नहीं." काकू लाजेने लाल. त्या दिवसानंतर त्या बसल्याच नाहीत.

फिरणं बंद, बोलणं बंद. खाली इतकी शांतता की आई वरून विचारायची, "झोपले का सगळे?" काका रोज गाडी पुसायचे आणि आत बसून राहायचे. उजवी सीट पण पुसायचे. एक दिवस काकू खिडकीतून म्हणाल्या, "विकून टाका ती. उगाच जागा अडवतेय."

"बरं," काका म्हणाले.

एवढंच. मला खरं तर त्या 'बरं'चीच भीती वाटली. भांडले असते तर चाललं असतं.

विकायची तर बॅटरी जिवंत पाहिजे, म्हणून मला उजवीकडे बसवून काकांनी चक्कर मारायला सुरुवात केली. पडाव पुलावर पुढे भंगाराचा टेम्पो. मी बघितलं, रस्ता साफ. "काका, क्लिअर आहे, निकालो." काका ढिम्म. "काका, अख्खा ग्वालियर निघून जाईल एवढी जागा आहे!" ढिम्म. मागे हॉर्नची बारात. मी लग्नांच्या संगीतात अँकरिंग करतो, नकला करून पोट भरतो. घरच्यांच्या तर फुकट करतो. शेवटी घसा साफ केला आणि काढला काकूंचा आवाज:

"जा आता! कोणाची वाट बघताय, मुहूर्ताची?"

गाडी अशी उडाली की पंखा निसटून माझ्या मांडीवर. चौकातला ट्रॅफिक हवालदार माझ्या मिशांकडे बघत राहिला. काका पुढे जाऊन म्हणाले, "तिच्या आवाजात बोलायचं नाही, गधड्या."

"मी तर माझ्याच आवाजात बोलून थकलो ना. तुमचा पाय ऐकत नाही."

पण पुढच्या टेम्पोमागे परत थांबले, आणि हळूच म्हणाले, "बोल."

मग गिऱ्हाइकं यायला लागली. पहिले दिल्लीचे एक साहेब, हातात चुंबक आणि टॉर्च. गाडीखाली अर्धे शिरून विचारायला लागले.

"इंजन ओरिजिनल है?"

"नहीं जी. स्कूल व्हॅन का है."

"सस्पेन्शन?"

"जीप का."

"लाइटें?"

"टेम्पो की."

साहेब बाहेर आले, पायरीवर बसले, पाणी मागितलं. "तो फिर इसमें ओरिजिनल क्या है, भाई साहब?"

काकांनी खूप विचार केला. "दरवाज़ा," म्हणाले. मग प्रामाणिकपणा सुटेना. "बायाँ वाला."

दुसरा पडावचा, बँड आणि घोडी भाड्याने देणारा. त्याला छप्पर कापून मागे नवरदेवाचं सिंहासन बसवायचं होतं, वर दिव्यांची छत्री. पैसे पण बरे देत होता.

"आणि चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

"चलानी कहाँ है चाचा! बरात है, लौंडे धक्का मारेंगे."

काकांनी त्याला चहा पाजला आणि नमस्कार केला. काकू आतून म्हणाल्या, "विकायची आहे का नाही?"

"विकायचीय. पण ढकलायला नाही."

तिसरा जिमवाला पोरगा, दंड माझ्या मांडीएवढे, सोबत मित्र. काकांची आता एक अट होती: चालवून बघा, पण उजवीकडे बसणारा तुमचा आणा. आम्ही मागून माझ्या स्कूटरवर जाणार. काका मागे बसले, हेल्मेट घालून, माझ्या शर्टाला धरून. किला गेटकडे भुशाचा ट्रॅक्टर, रस्त्यावर पसरलेला. उजवीकडचा मित्र खिडकीबाहेर हात काढून रील बनवत होता, आपलं तोंड कॅमेऱ्यात. पोराने दिलं न बघता दाबून. समोरून बस! काका माझ्या कानात ओरडले, "थांबाआआ!" म्हणजे, आमच्या घरात सगळ्यांनाच काकूंचा आवाज काढता येतो हे मला तेव्हा कळलं. गाडी कशीबशी भुशात घुसून परत आली. पोरगा उतरला, केसातून भुसा झटकत म्हणाला, "मज़ा आ गया अंकल! डन."

"गाड़ी बिक गई, बेटा."

"अरे! कब?"

"अभी."

घरी आल्यावर काकू दारातच उभ्या. "काय झालं?"

"काही नाही."

"भुसा कसला आहे अंगावर?"

"आहे तो." आणि काका आत. मला वाटलं आता संपलं. ना गाडी जाणार, ना हे बोलणार. गाडी गेटमध्ये सडत राहणार आणि हे दोघं आतमध्ये.

मग झाशीहून एक बी-बियाण्याचे दुकानदार आले, चाळिशीचे, सोबत त्यांची आई. आई एवढीशी, वाळलेली, जाड चष्मा, तोंडात सुपारी. अम्मांना घरी एकटं सोडत नाही म्हणून सगळीकडे नेतो, म्हणाले. अम्मा उजव्या सीटमध्ये पत्र पेटीत पडावं तशा सरकन गेल्या. आम्ही मागे स्कूटरवर.

पहिल्या टेम्पोमागे गाडी थांबली. खिडकीतून अम्मांचा हात बाहेर आला, पंजा सपाट. थांब. मुलगा थांबून राहिला. ट्रक गेला, मोटरसायकल गेली. मग बोटं फक्त एकदा अशी झटकली, पिठाचा हात झटकावा तशी. गाडी निघाली. परत पंजा. परत झटका. मुलाने एकदाही वळून विचारलं नाही, "दिख रहा है ना अम्मा?"

काका माझ्या पाठीवर बुक्के मारत होते. "बघ! बघ! बघ रे!"

"बघतोय काका, पाठ मोडेल."

परत आलो तर काकू गेटशी, काठी टेकत. अम्मा बाहेर निघाल्या, दंड चोळत काकूंना म्हणाल्या, "जिज्जी, गाड़ी तो भली है. पर हाथ दूख जात है."

आणि काकू, ज्यांनी फूलबागेच्या त्या दिवसापासून गाडीकडे नजर पण टाकली नव्हती, सरळ पुढे आल्या. "हात बाहेर नका काढू... अरे, हाथ मत निकालो. कोहनी इधर टेको." खिडकीच्या कडेवर एका जागी रंग उडून पत्रा गुळगुळीत झाला होता. ती काकूंच्या कोपराची जागा. मी इतके दिवस समजत होतो गंज आहे.

मग काकूंनी अम्मांना सगळं शिकवलं, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. बसवाला तुमच्याकडे बघत असेल तर जा, मोबाइलमध्ये बघत असेल तर थांबा. गाय आली तर गाईकडे बघू नका, तिच्या मागच्या वासराकडे बघा. ओरडायचं असलं तर आधीच ओरडा, नंतर ओरडलं की घाबरतात हे लोक. "और ये पूछेंगे नहीं," काकांकडे न बघता म्हणाल्या. "कभी नहीं पूछते. पर रुके रहते हैं. तो बोलते रहना पड़ता है."

काका बोनेट पुसायला लागले. एकच जागा, परत परत.

सौदा झाला. काकांनी कागद दिले, किल्ली दिली. काकूंनी आतून आपली उशी आणून उजव्या सीटवर ठेवली. "ह्याशिवाय पुढचं दिसत नाही." लाल बकरी टेम्पोचे दिवे लुकलुकवत कोपऱ्यावरून गेली, आणि खिडकीच्या कडेवर अम्मांचं कोपर बरोब्बर जागेवर होतं.

नंतर बाबांनी ओळखीतून काकांना एक छोटी पांढरी गाडी घेऊन दिली. जुनी, पण सरळ. स्टिअरिंग उजवीकडे, सीट उंच, काकूंना खुर्चीवर बसावं तसं बसता येतं. पहिल्या संध्याकाळी मी मागे बसलो, कौतुक बघायला. पुलावर पुढे ई-रिक्षा, वर लोखंडी सळ्या. आता काकांना सगळं दिसत होतं. रस्ता साफ. पण थांबले.

"जा ना काका."

थांबलेलेच. काकू डावीकडे. त्यांनी मान ताणली, वाकल्या, काचेला नाक लावलं. "मला इकडून फक्त गटार दिसतंय हो."

फूलबागेपर्यंत आम्ही त्या सळ्यांच्या मागे. मी नकलेसाठी घसा साफ केला, तर काकांनी आरशातून असं बघितलं की मी खोकून घेतलं.

फूलबागेशी काकू उतरल्या. काठी टेकत मागून फिरून आल्या, मागचं उजवं दार उघडलं. "सरक रे." मी सरकलो. त्या काकांच्या बरोब्बर मागे बसल्या, काच खाली केली, कोपर कडेवर टेकवलं आणि डोकं बाहेर काढलं.

"हं. थांबा. स्कूटर आहे. जाऊ दे त्याला, बाईमाणूस आहे मागे. ... जा आता! कोणाची वाट बघताय?"

"जातोय ना!"

"जाताय कुठे! त्या सळ्यांच्या मागे सगळी संध्याकाळ घातलीत. तुमची बहीण परवडली."

"तिला मध्ये कशाला आणतेस? तुझ्या भावाने तर त्या लग्नात श्रीखंड..."

मी घरापर्यंत तोंड उघडलं नाही. जागाच नव्हती.

आता रोज तसेच जातात. काका पुढे एकटे, काकू मागे उजवीकडे, डोकं बाहेर. आमची एक लांबची आत्या आहे, किला गेटजवळ राहते, नाकातून बोलते. तिचा फोन आला. मी तो काकांना जसाच्या तसा करून दाखवला: "अरेऽ, तुझ्या काकाला काय कमी आहे रेऽ? ह्या वयात ड्राइव्हरची नोकरी धरली? काल बघितलं मी, मागे कोणी बाई बसवली होती, केवढी रागावत होती त्याला!"

काकू पदर तोंडात धरून हसत होत्या. काका चपला घालत होते, फिरायला जायची वेळ झाली होती.

"सांग तिला," म्हणाले, "नोकरी जुनीच आहे. मालकीण फक्त मागे बसायला लागली."