रेडिएटरवरचा कागद

हे लिहू नका, असं मला घरातल्या सगळ्यांनी सांगितलं. मुलगा म्हणाला, "गॅरेज आता मी चालवतो बाबा, गिऱ्हाईक तुटेल." तुटू दे. लातुरात मी उभी हयात गाड्या दुरुस्त केल्या. लोक अजून मला उस्ताद म्हणतात. त्या उस्तादानं एका चांगल्या ड्रायव्हरचं नाव घालवलं, आणि ते परत दिल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

बरीच वर्षं झाली. गाडी एका आडत व्यापाऱ्याची होती. सगळे त्यांना अप्पा म्हणत. रेडिएटरमागच्या पंख्याची मोटर जळाली होती. नांदेडच्या जुन्या बाजारातून मी दुसरी आणली. तिची पिन बसेना, म्हणून वायरी कापून हातानं जोडल्या. एसी लावला की हा पंखा चालू होतो; लावला, पंखा फिरला, बॉनेट पाडलं.

चार दिवसांनी अप्पांचा ड्रायव्हर आला. माझ्याच वयाचा, शांत माणूस.

"उस्ताद, गाडी पळती तवर ठीक हाय. थांबली की टेंपरेचरचा काटा चढायलाय."

यापेक्षा नीट कुणी सांगू शकलं नसतं. पळत्या गाडीत समोरचं वारंच रेडिएटर गार ठेवतं. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. उभी असतानाच तापते म्हणजे पंखा बघायचा. मी बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं.

"फिरायलाय ना? मग? आता तू मला शिकवतो का?"

"फिरतो हो. पण जाळीपुढं हात धरला की वारं कसं उलटं लागतंय."

मी बॉनेट आपटलं.

त्याच आठवड्यात तो अप्पांच्या घरच्या माणसांना घेऊन निलंग्याला लग्नाला गेला. गावात पुढं वरात, मागं गाड्यांची रांग, गाडीत बायका-पोरं म्हणून एसी चालू. बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिनाचं हेड वाकलं. गाडी ओढून माझ्या दारात आली.

अप्पा यायच्या आधी मी एकटाच होतो. पंख्याला बॅटरीवरून करंट दिला आणि पेपरचं एक पान समोरच्या जाळीवर धरलं. पंखा समोरून हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटायला हवा. तो उडाला आणि माझ्या पायाशी पडला. मी दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरून इंजिनाची गरम हवा पुढं ढकलत होता.

तेवढ्यात अप्पा आले. मागं ड्रायव्हर.

"काय झालं उस्ताद?"

"यानं पाणी बघितलं न्हाई. रेडिएटर कोरडा हाय."

कोरडा होताच. पाणी उकळून गेलं होतं.

"सकाळी भरलं हुतं अप्पा," ड्रायव्हर म्हणाला, आणि माझ्याकडं बघत राहिला. मी फडक्यानं हात पुसत होतो. ते पुसणं मला अजून दिसतं.

सगळे गेल्यावर मी वायरी बदलल्या. दोन मिनिटांचं काम. अप्पांनी त्याला काढलं. टॅक्सी स्टँडवर त्याचं नाव पडलं 'इंजिन जाळ्या'. कुणी गाडी हातात देईना. तो लातूरजवळच्या मुरुडला, आपल्या गावी, सोयाबीनच्या गोदामावर वॉचमन झाला.

मागच्या महिन्यात मुलाकडं तशीच तक्रार घेऊन एक गाडी आली. त्यानं स्कॅनर लावला, पंखा फिरताना बघितला, डोकं खाजवलं. मी जाळीवर कागद धरला. उडाला. "हे कुठं शिकलात बाबा?" तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. दुसऱ्या सकाळी मुरुडची एसटी धरली.

तो गोदामाच्या फाटकाशी बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं तंबाखू मळणंही थांबवलं नाही.

"मला काय सांगतो, उस्ताद? पाणी भरलं हुतं हे मला ठाऊकच हाय. घरच्या बाईनंसुदिक मानलं न्हाई. जिथं नाव गेलं तिथं सांग."

बरोबर होतं त्याचं. मुलगा आडवा आला, तरी मी माझ्या गाडीच्या पंख्याच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडल्या, त्याला मुरुडहून घेतलं आणि लातूरच्या स्टँडवर भरदुपारी बॉनेट उघडलं. रेडिएटरवर पेपरचं पान धरलं. उडालं. सर्वांसमोर वायरी बदलल्या. पान जाळीला चिकटलं. मग सांगितलं: त्या दिवशी चूक माझी होती, मला ती माहीत होती, आणि मी खोटं बोललो.

कुणी शिट्टी मारली. एक जण म्हणाला, "मग उस्ताद, तुमच्याकडं गाडी आणावी का न्हाई?"

"नका आणू," मी म्हणालो. "पण गाडी तापली तर ह्यांना विचारा. ह्यांनी नुसत्या हातानं ओळखलं हुतं."

जुन्यांपैकी दोघांनी माना खाली घातल्या. बाकीचे त्याच्याकडं बघत होते. त्यानं जाळीवरचं पान काढलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. पलीकडं त्याच्या बायकोचा आवाज येत होता.

"बोल," तो म्हणाला. "तिलाबी सांग. मोठ्यानं."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.